मराठीतल्या कोणत्या सहकलाकाराला हवी तेवढी दाद मिळाली नाही?

माझं उत्तर: सुधीर जोशी. नाव ऐकून चेहरा आठवला नाही, तर ‘अशी ही बनवाबनवी’मधले (1988) घरमालक विश्वास सरपोतदार आठवा. ‘तुमचे सत्तर रुपये वारले’ आपण सगळे अशोक सराफांच्या नावावर जमा करतो, आणि वाक्य त्यांचंच आहे. पण एकदा फक्त समोरच्या सरपोतदारांकडे बघत तो प्रसंग बघा. मेलेल्या माणसाचं दुःख दाखवावं की बुडालेल्या पैशांचं, हा गोंधळ त्या चेहऱ्यावर आहे, म्हणून तर हसू येतं. विनोदात झेल घेणारा लागतोच. (आमच्या घरात तर उधारी बुडाली की अजून ‘वारली’च म्हणतात.) जोशी 2005मध्ये गेले. विजू खोटेही याच पंगतीतले, पण त्यांना निदान ‘शोले’तला ‘कालिया’ म्हणून तरी लोक ओळखतात.