सवय किती धरायची?

प्रश्न : आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४५ डिग्री म्हणजे काही विशेष नाही, कूलर लावतो, दुपारी बाहेर पडत नाही, जगतो. मग शतकाच्या शेवटी उन्हाने एवढे मरतील असे आकडे येतात त्यात माणसाला सवय होते हे धरतात का?

उत्तर : अगदी मुद्द्याचं विचारलंत. बऱ्याच अंदाजांत धरलेलं नसतं. शहराच्या जुन्या नोंदींवरून रोजचं तापमान आणि रोजचे मृत्यू यांचा आलेख काढतात, त्यात एका तापमानाला मृत्यू सगळ्यात कमी असतात, त्यापुढे रेषा चढायला लागते. हीच रेषा उचलून २०८० च्या उन्हाला लावली की आकडा फुगतो, कारण आजची घरं, आजची माणसं तशीच राहतील असं धरलं.

सवय धरायची तर कोणी चढ सुरू होण्याची जागा एक-दोन डिग्री पुढे सरकवतं, कोणी चढच कमी करतं, कोणी आज जास्त तापणाऱ्या दुसऱ्या शहराची रेषा उसनी घेतं. २०१७ मध्ये युरोपातल्या १४ शहरांवर अशा सहा पद्धती ताडून पाहिल्या, तर नुसत्या पद्धतीने पडणारा फरक हवामानाच्या मॉडेलांमुळे, म्हणजे पुढे किती तापेल ते सांगणाऱ्या संगणकी हिशोबांमुळे, पडणाऱ्या फरकापेक्षाही मोठा निघाला! म्हणून नुसता आकडा सांगणाऱ्या बातमीवर माझा विश्वास बसत नाही, सवय किती धरली तेही सांगायला हवं.

फ्रान्समध्ये २००३ च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार माणसं गेली. २००६ ला परत लाट आली तेव्हा जुन्या हिशोबाने ६,४०० च्या आसपास जायला हवी होती, गेली दोन हजारांच्या थोडी वर. मधल्या काळात इशारा देण्याची यंत्रणा उभी केली होती, लोकही सावध झाले होते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला, त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, मग २०१३ ला त्यांनी उन्हापासून लोकांना वाचवण्याचा आराखडा केला. म्हणजे ही सवय आपोआप होत नाही हो, कोणीतरी पैसे आणि माणसं लावतं तेव्हा होते. शरीर स्वतः आठ-पंधरा दिवसांत थोडं सरावतं, पण हवा दमट असली की घामच सुकत नाही, तिथे सराव किती पुरणार.

आणि तुमचा कूलर चालतो कारण हवा कोरडी आहे, टाकीत पाणी आहे, लाइट आहे. तुमच्याच गावात पत्र्याच्या खोलीत रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो, तिथे लाइट गेली की म्हातारं माणूस ओला पंचा अंगावर घेऊन बसतं. आलेख मात्र बहुतेक वेळा अख्ख्या शहराचा एकच काढतात, त्यात तुमचं घर आणि ती खोली एकाच रेषेवर.