सर्बियाला कास्टिंग पाठवताना

प्रश्न : उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीला सर्बियातून पंपाच्या कास्टिंगची ऑर्डर आलीय. माल रियेका बंदरात उतरेल. युरोपियन युनियनचीच ड्युटी लागेल ना? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. सर्बिया २०१२पासून उमेदवार देश आहे, २०१४पासून वाटाघाटी चालल्यात, पण सभासदत्व अजून नाही. रियेका मात्र क्रोएशियात, म्हणजे युनियनमध्ये. त्यामुळे तिथून पुढे माल टी-वन ट्रान्झिटवर, म्हणजे युनियनची ड्युटी न भरता कस्टमच्या देखरेखीखाली, न्यावा लागतो. ड्युटी सर्बियात भरायची. वाटेतल्या ड्युटीची कस्टमला हमी कोण देणार, हे माल निघण्याआधीच एजंटाकडून लेखी घ्या. नाहीतर कंटेनर बंदरात पडून राहतो नि भाडं चढतं. टी-वन शेवटी बंद झाल्याचीही खात्री करा, हमी तोवर सुटत नाही.

लाकडी पेट्यांवर आयएसपीएम-१५चा (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का हवाच : लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला, सलग ३० मिनिटं तापवलेलं. पेटी कोरडीच घ्या. ओल्या लाकडाने यंत्रण केलेला पृष्ठभाग गंजतो.