चड्डी-बनियन एकाच हेडिंगखाली आणता येतात का?

प्रश्न : खडे बाजारात आमचं होजिअरीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आजवर माल तिरुपूरहून भरला. आता बांगलादेशातल्या एका कारखान्याकडून थेट मागवायचा विचार आहे. पुरुषांच्या सुती चड्ड्या, बनियन, बायकांच्या पँटी, थोड्या बॉक्सर आणि चड्डी-बनियनची जोडपाकिटं. कारखान्यानं बिलावर सगळ्यालाच ‘कॉटन अंडरवेअर, ६१०७’ लिहिलंय. चालेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही चालणार. ६१०७ हे कस्टमच्या पुस्तकातलं हेडिंग, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा चार आकडी क्रमांक, आणि तुमचा सगळा माल त्या एकात बसत नाही. पैसे पाठवण्याआधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत.

न्हावा शेवा बंदरात मी बावीस वर्षं सीएचएकडे, म्हणजे आयातदारांचं कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाकडे, कागद भरले, आता शहापुरात घरी असतो. एका व्यापाऱ्याचा माल मी असाच एका ओळीत भरला होता. तपासणीत साहेबांनी तिसरा खोका फोडला, आत मागाच्या कापडाच्या बॉक्सर निघाल्या. माल अडकला, गोदामाचं भाडं त्या माणसानं भरलं आणि दिवाळीचा माल दिवाळी होऊन गेल्यावर दुकानात पोचला. ते अजून मनात सलतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोळ आपल्या भाषेतच आहे. आपण स्वेटरही विणतो आणि वडगावची साडीही विणतो. कस्टमच्या पुस्तकात मात्र ६१वं प्रकरण होजिअरीचं आणि ६२वं मागाच्या कापडाचं. दोन्ही प्रकरणं शेजारी असली तरी माल एकातून दुसऱ्यात सरकवता येत नाही. म्हणून आधी नमुना हातात घ्या. शिवणीजवळचं कापड दोन बोटांत ताणून भिंगाखाली धरा. एकात एक अडकलेले फासे दिसले, स्वेटरच्या टाक्यांसारखे, की होजिअरी. ताणा-बाणा दिसला, उभे-आडवे धागे एकमेकांच्या वरून-खालून गेलेले, की मागाचं. खात्री नसेल तर कापलेल्या कडेचा धागा सुईनं ओढा. मागाच्या कापडातून तो सरळ सुटून येतो, होजिअरी टाक्याटाक्यानं उसवते. कमरेच्या इलॅस्टिककडे बघून ठरवू नका.

आता तुमचा माल. पुरुषांची होजिअरी चड्डी ६१०७, ते बरोबर. बायकांच्या पँटी ६१०८. बनियन, पुरुषांचं असो वा बायकांचं, होजिअरीचं असेल तर ६१०९, टी-शर्टच्या पंगतीत. बॉक्सर मागाच्या कापडाची असेल तर ६२०७. पण तिला खिसे असतील, गल्लीत घालून फिरण्याजोगी असेल, तर ती अंतर्वस्त्र आहे की बाहेरची चड्डी, म्हणजे ६२०३, असा वाद निघतो. पुढे ब्रा मागवाल तर कापड कुठलंही असो, ६२१२. आणि ८६ सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या बाळाची होजिअरी चड्डी ६१०७ मध्ये जातच नाही, तिचं घर ६१११. पुरुषाची की बाईची हे कपड्यावरून कळतच नसेल, तर तो नग बायकांच्या हेडिंगखाली धरतात.

जोडपाकिटात बहुतेक जण फसतात. एका पाकिटात घातलं म्हणून चड्डी आणि बनियन एक वस्तू होत नाही. वेगवेगळ्या हेडिंगचे कपडे संच म्हणून विकायला बांधले तरी प्रत्येकानं आपापल्या हेडिंगमध्ये जायचं, असं पुस्तकच सांगतं. म्हणून कारखान्याकडून नगांची संख्या आणि किंमत वेगळी मागा.

‘सुती’ हा शब्दही तपासा. ९५ टक्के कापूस आणि ५ टक्के स्पॅन्डेक्स असेल तर माल सुतीच, कारण वजनात जो धागा जास्त त्याचं नाव लागतं. ६० टक्के पॉलिएस्टर असेल तर लेबलवर ‘कॉटन’ कितीही मोठं छापा, तो सुती नाही. आणि नेमकं निम्मं-निम्मं असेल तर माल कृत्रिम धाग्याच्या बाजूला जातो.

हेडिंग चुकलं की साफ्टाची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार कराराची, शुल्कसवलतही अडते. मूळ देशाच्या दाखल्यावर ६१०७ आणि खोक्यात ६२०७, असं असेल तर अधिकारी विचारणारच. सप्टेंबर २०२० पासून माल खरोखर तिथंच तयार झाला याची माहिती आयातदारानं स्वतःजवळ ठेवायची असते. ‘कारखान्यानं लिहिलं’ हे उत्तर पुरत नाही, कारण बिल ऑफ एंट्रीवरचा, म्हणजे आयातदारानं कस्टमकडे भरायच्या कागदावरचा, हेडिंगचा आकडा तुमचा धरतात.

कुणी पेट्रापोलच्या सीमानाक्यावरून ट्रकनं माल आणून देतो म्हणाला तर ऐकू नका. १७ मे २०२५ च्या आदेशानं बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरची वाट बंद झाली, आणि न्हावा शेवा व कोलकाता ही दोनच बंदरं उरली.

बॉक्सरबद्दल मन खात नसेल तर पुढे जा. खात असेल तर मुंबईच्या कस्टमच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे, म्हणजे माल येण्याआधीच हेडिंग ठरवून देणाऱ्या कार्यालयाकडे, अर्ज करता येतो. फी १०,००० रुपये, निर्णय तीन वर्षं चालतो. थोड्याच बॉक्सरसाठी मला ते महाग वाटतं. पहिल्या खेपेत बिनखिशाच्याच मागवा. तरीही खिशाची हवी असेल तर एक नग मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, कापड आणि शिलाई बघून पुढच्या अंकात सांगतो.