बशीतलं धडधडणं आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न: मुलगी बीएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. आता म्हणते, लॅबमध्ये हृदयाच्या ऊती वाढवून हृदयविकाराचा अभ्यास करायचा. डॉक्टर नाही तर निदान हे तरी, असं आम्हाला वाटतं. यात पोट भरतं का? की तिसऱ्यांदा नीट द्यावी?
— एक वडील, डोंबिवली

उत्तर: नीट आता पुरे. आणि ते ‘निदान हे तरी’ घरात पुन्हा म्हणू नका. डॉक्टर पेशंट बघतो, ही पेशी बघणार. दोन्हींचा पिंडच वेगळा.

काम काय, ते सांगतो. माणसाच्या रक्तातल्या किंवा त्वचेतल्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा मूळपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, बनवतात. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींवर हे करून दाखवलं, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या मूळपेशींपासून हृदयाच्या स्नायूपेशी घडवल्या की दीड-दोन आठवड्यांत त्या लॅबमधल्या पेशी वाढवायच्या बशीत आपोआप धडधडू लागतात. ते पहिल्यांदा पाहिलेलं पोर हमखास घरी फोन करतं. पण या पेशी कोवळ्या, गर्भातल्या बाळाच्या हृदयासारख्या. म्हणून त्यांची पट्टी दोन लवचीक खांबांमध्ये ताणून धरतात, विजेचे हलके झटके देतात आणि खांब किती वाकले त्यावरून आकुंचनाचा जोर मोजतात. एखादं औषध ठोके बिघडवतं का, तेही इथे कळतं. पेशंटच्याच पेशी घेतल्या तर त्याच्या जनुकातला दोष काय करतो ते बशीत बघता येतं. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकातली डीएनएची २५ अक्षरं गळालेला, हृदयविकाराचा धोका वाढवणारा प्रकार दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत सापडतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता दुसरी बाजू. पेशींना रविवार कळत नाही. माझी एक विद्यार्थिनी अनंत चतुर्दशीला लालबागच्या गर्दीतून वाट काढत परळच्या लॅबमध्ये चालत गेली, का तर पेशींचं खाद्य बदलायचं होतं. बुरशी लागली की दोन महिन्यांची मेहनत कचऱ्यात.

पुढचा रस्ता: जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत एमएस्सी किंवा कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा, मग पीएचडी. एकूण सात-आठ वर्षं धरा. सीएसआयआर नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता, म्हणजे पीएचडीचा खर्च तुमच्यावर पडत नाही. २०२३ मध्ये आपल्या औषध चाचणीच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी अशा मानवी पेशींवरच्या चाचण्यांनाही जागा मिळाली; त्यामुळे औषध कंपन्यांत काम वाढेल असं मला वाटतं. नोकरी मुंबईतच हवी, हा हट्ट मात्र सोडा. बंगळुरू, हैदराबाद, पुणे, कुठेही जावं लागेल.

तिचं गणित कसं आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. ठोक्यांचे आलेख वाचायला ते लागतं, थोडं पायथॉनचं प्रोग्रामिंगही. विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपचा अर्ज तिला भरू द्या. उन्हाळ्यातले दोन महिने एखाद्या लॅबमध्ये काढू द्या. मग मला पुन्हा पत्र पाठवा, पण या खेपेला ते तिलाच लिहू द्या.