लॅपटॉपचा आतला माइक खरंच गेलाय का, हे घरी कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन मीटिंगमध्ये समोरच्यांना तुमचा आवाज बारीक, विहिरीतून आल्यासारखा जातो. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदलावा लागेल. माइक खरंच गेलाय का, हे घरी कसं ओळखायचं?

मदरबोर्डचा विषय आज बाजूला ठेवा. मी नाशिकला लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. 'माइक गेला' म्हणून जे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा माइक धडधाकट असतो. म्हणूनच कुणाला मदरबोर्डचा खर्च सांगितलाय असं ऐकलं की मला राहवत नाही.

पहिली गोष्ट, माइक मीटिंगमध्ये तपासायचाच नाही. तुमच्या तोंडापासून समोरच्याच्या कानापर्यंत माइक, विन्डोज, ब्राउझर किंवा झूम, तुमचं नेट, त्यांचं नेट, त्यांचा स्पीकर असे सगळे टप्पे असतात. कुठेही माशी शिंकली तरी नाव माइकचंच येतं. त्यामुळे मधलं सगळं काढून टाका. विन्डोजमध्ये 'साउंड रेकॉर्डर' नावाचं साधं ॲप असतं, ते उघडा. त्याआधी इअरफोनची पिन काढा आणि ब्लूटूथ बंद करा. शेजारच्या खोलीत चालू राहिलेला नेकबँड जोडलेला असतो, लॅपटॉप त्याचा माइक घेतो आणि आपण इथे स्क्रीनसमोर ओरडत बसतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

आता रोज बसता तेवढ्याच अंतरावर बसून रेकॉर्डिंग सुरू करा. एक ते दहा आकडे नेहमीच्या आवाजात म्हणा. मग पाच सेकंद अगदी गप्प राहा. मग कॅमेऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला नखाने हलक्या टिचक्या मारा. रेकॉर्डिंग थांबवा आणि इअरफोन लावून ऐका. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका, तो कधीकधी स्वतःच फसवतो.

आकडे स्वच्छ ऐकू आले तर माइक ठणठणीत आहे आणि भानगड ॲपमध्ये किंवा नेटमध्ये आहे. काहीच नाही, साधी सूंसूंसुद्धा नाही, तर बहुतेक वेळा कुठेतरी माइक बंद केलेला असतो. तुमच्यासारखा दबका आवाज आला तर दोन शक्यता, पातळी कमी झालीय किंवा माइकचं भोक झाकलं गेलंय.

सगळंच बंद असेल तर आधी कीबोर्डची वरची रांग बघा. बऱ्याच लॅपटॉपांवर माइकवर काट मारलेलं चित्र असलेली की असते, काहींवर तिचा छोटा दिवाही लागतो. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'मायक्रोफोन'. तिथलं सगळ्यात खालचं, डेस्कटॉप ॲप्सना परवानगी देणारं बटण लोकांच्या नजरेतून सुटतं. विन्डोजसोबत आलेली ॲप्स चालतात आणि बाहेरून टाकलेलं ॲप तेवढं मुकं राहतं, ते यामुळेच. ब्राउझरमध्ये मीटिंग घेत असाल तर पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटला माइकची परवानगी आहे का तेही बघा.

आता तुमचा दबका आवाज. विन्डोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या वाटेने जा आणि 'इनपुट'खाली दिसणाऱ्या तुमच्या माइकच्या नावावर क्लिक करा. आत 'स्टार्ट टेस्ट' बटण आहे. ते दाबून बोला, मग थांबवा. आवाज किती टक्के पोचला ते तिथेच लिहून येतं. त्याच पानावर 'इनपुट व्हॉल्यूम' आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' आहेत. व्हॉल्यूम वर न्या आणि एन्हान्समेंट्स एकदा बंद करून परत रेकॉर्ड करा. गोंगाट आणि प्रतिध्वनी काढण्याच्या नादात हे सॉफ्टवेअर कधीकधी माणसाचा आवाजही खरवडून काढतं, आणि विहिरीतला आवाज यातूनही येऊ शकतो. झूम वापरत असाल तर त्याच्या ऑडिओ सेटिंगमधली माइकचा आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची खूणही काढून बघा. ती पातळी खाली ओढत राहते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

एवढं करून फरक पडला नाही, तर मोबाइलचा टॉर्च घ्या आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघा. टाचणीच्या टोकाएवढी, बहुधा दोन भोकं दिसतील. काही मॉडेलांमध्ये ती कीबोर्डच्या वर असतात, काहींत पुढच्या कडेला खाली. एका संगीत शिकवणाऱ्या बाईंचा लॅपटॉप असाच आला होता. त्यांचे विद्यार्थी अमेरिकेत, आणि तिकडून एकच तक्रार, 'ताई, तुम्ही लांबून गाताय.' त्यांनाही आधी मदरबोर्डच सांगितला होता. मी रेकॉर्डिंग लावलं. डाव्या बाजूच्या टिचक्या टकटक ऐकू येत होत्या, उजवीकडच्या जवळजवळ नाहीतच. टॉर्च धरला तर कॅमेरा झाकायची सरकती प्लास्टिकची पट्टी उजव्या भोकावर चिकटवलेली. ती काढली तर खाली डिंकाचा थर, आणि त्यात भोक बुजलेलं. साध्या सेलोटेपचा तुकडा त्यावर दाबायचा आणि उचलायचा, असं सात-आठ वेळा केलं. डिंक टेपला चिकटून आला, भोक मोकळं झालं. परत रेकॉर्ड केलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या टिचक्या सारख्या वाजल्या. त्या बाईंनी तिथेच बसून सा लावला आणि परत ऐकला, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

इथे हात जोडून सांगतो, भोकात सुई, टाचणी, टूथपिक काहीही घालू नका. आतला माइक म्हणजे काही मिलिमीटरची धातूची डबी असते. तिच्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा, आणि पडदा व त्यामागची पट्टी यांत फक्त काही मायक्रॉनची फट. आवाजाने पडदा हलतो, फट बदलते, त्यावरून विजेचा संकेत तयार होतो. सुईचं टोक लागलं की पडदा फाटला, आणि मग तो माइक खरोखरच जातो. ब्लोअरची जोराची हवा किंवा क्लीनरचा फवारा यांनीही तेच होऊ शकतं. मऊ, कोरडा रंगाचा ब्रश आडवा फिरवा, तेवढं पुरे.

दोन भोकं असण्याचं कारणही जाणून घ्या. दोन माइकांपर्यंत आवाज किंचित मागेपुढे पोचतो. त्या फरकावरून सॉफ्टवेअर समोर बसलेल्या माणसाचा आवाज उचलतं आणि बाजूचा पंखा, कुकरची शिट्टी मागे ढकलतं. एक भोक बुजलं की हा हिशेबच चुकतो. म्हणून एक माइक चांगला असूनही आवाज विचित्र जातो. लॅपटॉपचं झाकण बंद ठेवून मोठ्या मॉनिटरवर काम करत असाल तर कॅमेऱ्याजवळची भोकं दाबलीच जातात. ॲपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये तर झाकण मिटलं की माइक हार्डवेअरनेच तोडला जातो, तिथे सेटिंगशी झटापट करून काही होत नाही.

त्या बाईंची दुसरी अडचणही सांगतो, कारण गाणं-वाजवणं शिकवणाऱ्या सगळ्यांना ती येते. आवाज सुधारला, पण तानपुरा विद्यार्थ्यांना ऐकूच जाईना. झूमच्या लेखी सतत एकसारखा येणारा नाद म्हणजे पंख्याची घरघर, त्यामुळे ते तानपुरा पुसून टाकतं. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे. ते तिथे निवडून मीटिंगमध्ये चालू केलं की तानपुरा जसाच्या तसा जातो. अशा वेळी शिकवणाऱ्याने स्वतः इअरफोन लावावा, नाहीतर आवाज घुमतो.

ड्रायव्हरचं, म्हणजे विन्डोज आणि माइक यांची गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं, फार मनावर घेऊ नका. विन्डोजच्या अपडेटनंतर लगेच बिघाड झाला असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घालून बघा. तरी शंका राहिली तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे विन्डोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम, लावा, काही इन्स्टॉल न करता, आणि तिथे रेकॉर्ड करा. तिथे आवाज नीट आला तर विन्डोजचा दोष, हे पक्कं. नाही आला तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, अगदी नव्या लॅपटॉपांचे माइक तिथे कधीकधी ओळखलेच जात नाहीत. आणि बिटलॉकर, म्हणजे विन्डोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, विन्डोजमध्ये परतताना ती मागितली जाऊ शकते.

दुकानात जायची वेळ आलीच तर त्याआधी आणखी एक करा. रेकॉर्डिंग चालू ठेवून बोलत राहा आणि स्क्रीन हळूहळू पुढे-मागे कलती करा. ठरावीक कोनात आवाज तुटत असेल, आणि त्याच वेळी कॅमेऱ्याचं चित्रही झटके खात असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल झिजलीय. बऱ्याच मॉडेलांत कॅमेरा आणि माइक एकाच छोट्या पट्टीवर असतात. ती पट्टी किंवा केबल सुटी बदलता येते, मदरबोर्डला हात लावायची गरज नाही. ते रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेऊन जा, दुकानदाराला ऐकवा आणि विचारा, 'केबल आणि कॅमेऱ्याची पट्टी तपासलीत का?' तोवर मीटिंग अडत असेल तर माइक असलेला साधा वायरचा इअरफोन लावा. तुमच्या लॅपटॉपला आवाजाचं एकच गोल छिद्र असेल तर मोबाइलचाच इअरफोन चालेल.

तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठल्या बाजूची टिचकी ऐकू आली आणि लॅपटॉपचं मॉडेल कुठलं, ते खाली लिहा, पुढचं मी सांगतो.