नेटिव्ह कोड अडकला की आधी हे बघ
अरे, फ्लटरमध्ये (अॅप बनवायचं गूगलचं फ्रेमवर्क) कोटलिन कोड (अँड्रॉइडसाठीचा नेटिव्ह भाग) बदलून हॉट रीलोड (चालू अॅपमध्येच बदल लागू करणं) मारत बसू नकोस, तो फ्लटरच्या मुख्य भाषेपुरता, म्हणजे डार्टपुरताच असतो, अॅप पूर्ण बंद करून परत बिल्ड करावं लागतं, मिसिंग प्लगिन एक्सेप्शन ही एरर बऱ्याचदा ह्यामुळेच येते (नाहीतर डार्ट आणि कोटलिनला जोडणाऱ्या चॅनलच्या नावात स्पेलिंग चुकलेलं, माझी अख्खी दुपार गेलीय त्यात). डीबग करायचं तर प्रोजेक्टमधला अँड्रॉइड फोल्डर वेगळा अँड्रॉइड स्टुडिओत उघड, ब्रेकपॉइंट (कोड जिथं थांबवायचा ती खूण) लाव आणि चालू अॅपला डीबगर अटॅच कर. क्रॅश झालं की लॉगकॅटमधली (अँड्रॉइडचे लॉग दिसतात ती खिडकी) लाल ओळींची रांग बघून घाबरू नको, सगळ्यात शेवटचं 'कॉज्ड बाय' शोध, खरं कारण बहुतेक तिथंच सापडतं. आणि हो, अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन (अॅप बिल्ड करायचं टूल) आवृत्ती ८ असेल तर जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) किमान १७ लागतोच.