एरर १०५५ बंद कशी करायची? करू नका

तुम्हाला मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्रत्येक ग्राहकाची सगळ्यात मोठी ऑर्डर हवी आहे, ग्राहकागणिक गट करायला ग्रुप बाय लावल्यावर एरर १०५५ येते आणि ती एरर देणारी 'ओन्ली फुल ग्रुप बाय' ही सेटिंग काढून टाकायची आहे. काढू नका, एररचं म्हणणं बरोबर आहे. मॅक्स गटातला मोठा आकडा देतो. शेजारचा ऑर्डर क्रमांक गटातल्या कुठल्याही ओळीतून येऊ शकतो.

आम्ही नाशिककडच्या एका बाजार समितीचं कांदा लिलावाचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. संध्याकाळी फलकावर प्रत्येक उपबाजाराचा कमाल दर आणि तो मिळालेल्या शेतकऱ्याचं नाव लागायचं. सर्व्हर मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीवर नेला आणि हीच एरर आली. मी म्हणाले, क्वेरीच चुकलीय, बदलू. सर म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय ना?" आणि सेटिंग काढून मोकळे झाले.

आठवड्याभरात एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातवाने फोटोसाठी मोबाइल वर धरलेला. आजोबांनी खिशातून घामाने ओलसर झालेली, चार घड्यांची पावती काढून टेबलावर पसरली: २,१४० रुपये क्विंटल. फलकावरही २,१४०च, पण नाव त्या दिवशीच्या पहिल्या नोंदीतल्या शेतकऱ्याचं. त्याचा कांदा १,३०० ने गेला होता. "दर माझा, मग नाव दुसऱ्याचं कसं?" मला उत्तर देता येईना. सर मात्र म्हणत राहिले, आकडा तर बरोबर आहे! जुनं मायएसक्यूएल अशी क्वेरी मुकाट चालवून घ्यायचं, म्हणजे आधीची किती नावं चुकली असतील कोण जाणे. ते आजोबा फलकावर आकडा बघायला आलेच नव्हते, नाव बघायला आले होते. हे मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा मला गप्प बसवलं गेलं. आजही माझं तेच म्हणणं आहे.

तुमच्याकडे ८.० आवृत्ती असेल तर रो-नंबर, म्हणजे गटातल्या ओळींना क्रमांक देणारं फंक्शन घ्या: पार्टिशन बाय ग्राहक, ऑर्डर बाय रक्कम उतरत्या क्रमाने, आणि बाहेरच्या क्वेरीत १ नंबरची ओळ. ५.७ असेल तर सबक्वेरीत ग्राहकागणिक मॅक्स काढून मूळ टेबलाशी ग्राहक आणि रक्कम दोन्हींवर जॉइन करा. या दोन कॉलमांवर मिळून इंडेक्स हवा.

हो, एक राहिलंच. दोन ऑर्डरींची रक्कम सारखी असेल तर रो-नंबर एकच ठेवतो, कोणती त्याचा नेम नाही. दोन्ही हव्या असतील तर त्याच्या जागी रँक लावा, तो सारख्या रकमेला सारखाच क्रमांक देतो. जॉइनमध्ये दोन्ही आपोआप येतात. आमच्या फलकावर त्यानंतर मी जॉइनच लावला, आणि दर सारखा असला की दोन्ही नावं लागू लागली.